सुरकुत्या

छातीपर्यंत रबरी विजार, डाव्या गुडघ्याशी गळकी.
पेन्साकोलाच्या खाडीत दोन वर्षं मी असा उभा होतो
पाण्यावरून सरकत येणारं विमान धरायला.
युद्धात तू काय केलंस, असं कुणी विचारलं
तर एवढंच सांगतो : चाकं लावली.

विमानाचं नाव किंगफिशर. म्हणजे खंड्या.
पण खंड्यासारखा सूर मारायची त्याला सक्त मनाई.
पोटाखाली एक लांबडी होडी, पंखांच्या टोकांना दोन पिल्लं,
मागच्या सीटवर बिनतारीवाला पोरगा,
बहुधा ओकारी आवरत बसलेला.
लढाऊ विमानांची पोरं आमच्या पोरांना हसायची,
"तुम्ही काय, नुसतं बघायला जाणार!"
खरंच होतं ते. बघायला जायचं,
गोळा कुठे पडला ते सांगायचं,
आणि कुणी पाण्यात पडलेला सापडलाच
तर त्याला पंखावर बसवून आणायचं.

वारा असला की सोपं.
लाटांना कडा असतात, उंची कळते.
पण जुलैच्या सकाळी खाडी अशी निपचित पडायची
की एक पेलिकन बसला तर दोन दिसायचे,
ढगांखाली ढग पालथे.
वरून बघणाऱ्याला पाणी नसायचंच.

लेफ्टनंट हॅस्केल रोज तेच घोकून घ्यायचा :
"खाली बघू नका. खाली तुम्हीच दिसाल.
नाक किंचित वर, इंजिन जेमतेम, आणि वाट बघा.
कधी भेटायचं ते पाण्याला ठरवू द्या."

रोस्को टॅगर्टने खाली बघितलं.
त्याला वाटलं, टेकलो.
अजून तीस फूट हवा शिल्लक होती.
आवाज फार मोठा नव्हता.
त्याच्यासाठी मी चाकं तयार ठेवली होती,
ती दुपारपर्यंत तशीच उथळ पाण्यात डोलत राहिली.
उचलायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक चोरटा उद्योग मांडला.
विमानं परतायच्या आधी लाँच काढायची
आणि उतरायच्या पट्ट्यात नागमोडी फेरी मारून यायची.
मागे पाण्याला सुरकुत्या पडायच्या,
म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या, वरून वाचता येतील अशा.
एल्डन क्विस्ट त्यांच्यावर उतरला.
नेब्रास्काचा. मक्याच्या पलीकडे काही न पाहिलेला.
मी चाक बसवत असताना वरून वाकून म्हणाला,
"आज पाणी दिसलं."

आठवड्याने हॅस्केलने मला पकडलं. ओरडला नाही.
"तिकडे प्रशांतात यांच्यासाठी होडी कोण फिरवणार?"
म्हणाला, आणि लाँचची किल्ली खिशात घातली.

पुढच्या निपचित सकाळी क्विस्टची पाळी.
मी छातीभर पाण्यात. करण्यासारखं काही नाही
म्हणून तळहात पाण्यावर आपटला.
एक वर्तुळ निघालं, दहा हात गेलं, विरलं.
हॅस्केलने पाहिलं आणि पाहिलं नाही.
वर क्विस्टची मान ताठ, तोंड उघडं,
मनात आकडे मोजत असावा.
तो येत राहिला. येतच राहिला.
मग त्याच्या पोटाखाली एक पांढरी रेघ उमटली,
जणू पाण्यालाही उशिरा कळलं.

हिवाळ्यात एका क्रूझरवरून त्याचं पत्र आलं.
"इथे आम्हाला कॅटपल्टवरून डागतात, तोफेतून डागावं तसं.
परततो तेव्हा समुद्र टेकड्यांसारखा असतो.
मग जहाज एक रुंद वळण घेतं,
त्याच्या कुशीत घटकाभर गुळगुळीत पाणी पसरतं,
कुणी इस्त्री फिरवावी तसं. त्यावर आम्ही उतरायचं.
तू सुरकुत्या पाडायचास, हे मोडून देतात.
हॅस्केलला सांग, इथेही कुणीतरी असतं."

सांगायचं राहिलं. हॅस्केलची बदली झाली होती.
क्विस्टलाही उत्तर धाडलं नाही.
माझं स्पेलिंग कच्चं, आणि त्याच दिवशी
नवी तुकडी आली होती, अठरा जण,
कोऱ्या बुटांतले,
वारा पडलेला,
आणि गळक्या गुडघ्यातून थंड पाणी
हळूहळू वर चढत होतं.